मतपेटी आणि न्यायासन

आपल्याकडे निवडणुकीच्या प्रचारात पाणी येते, वीज येते, कांद्याचा भाव येतो, जात येते, देवही येतात. सर्वोच्च न्यायालय मात्र सहसा येत नाही. अमेरिकेत अध्यक्षपदाचा उमेदवार आपण कोणत्या विचारांचे न्यायाधीश नेमू हे उघडपणे सांगतो आणि मतदारांचा एक मोठा वर्ग ते ध्यानात ठेवून मतदान करतो. तेथील न्यायाधीश तहहयात असतात. १८०० सालची निवडणूक हरलेल्या जॉन ॲडम्स यांनी पायउतार होण्यापूर्वी नेमलेले जॉन मार्शल पुढे चौतीस वर्षे सरन्यायाधीशपदी होते. भारतात सर्वोच्च न्यायालयाचा न्यायाधीश पासष्टाव्या वर्षी निवृत्त होतो, त्याची निवड मतदाराच्या दृष्टीआड होते आणि कोणत्याही पक्षाच्या सभेत त्याचे नाव ऐकू येत नाही. साहजिकच आपल्या मताचा त्या न्यायासनाशी काही संबंध असेल, असे आपल्या मनातही येत नाही. १९६७ ते १९८० या तेरा वर्षांचा इतिहास पाहिला तर हा समज टिकत नाही.

घटनाकारांना हा प्रश्न दिसला नव्हता असे नाही. २४ मे १९४९ रोजी घटना समितीत न्यायाधीशांच्या नेमणुकीवर चर्चा झाली तेव्हा डॉ. आंबेडकरांनी दोन टोके दाखवली होती. इंग्लंडमध्ये नेमणूक सर्वस्वी सरकारच्या हाती होती, तर अमेरिकेत तिला सेनेटची संमती लागत होती. पहिल्या पद्धतीत सत्ताधाऱ्यांना मोकळे रान मिळते आणि दुसरीत राजकीय दबावाची भीती असते, म्हणून आपण मधला मार्ग घेत आहोत, असे त्यांचे म्हणणे होते. सरन्यायाधीशाची संमती बंधनकारक करावी, ही सूचनाही त्यांनी नाकारली. सरन्यायाधीश कितीही थोर असला तरी तो माणूसच. सामान्य माणसाचे दोष, भावना व पूर्वग्रह त्यालाही असतात. जो निरंकुश अधिकार आपण राष्ट्रपतींना किंवा सरकारला द्यायला तयार नाही, तो एकट्या सरन्यायाधीशाला तरी का द्यावा, हा त्यांचा युक्तिवाद होता. अखेरीस १२४ व्या कलमात राष्ट्रपतींनी न्यायाधीशांशी विचारविनिमय करून नेमणूक करावी, एवढेच लिहिले गेले. राष्ट्रपती मंत्रिमंडळाच्या सल्ल्याने चालणार, मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार राहणार आणि लोकसभा मतदार निवडणार. साखळी लांब होती, पण तिचे एक टोक मतदान केंद्रातच होते. सरन्यायाधीश निवृत्त झाल्यावर सर्वांत ज्येष्ठ न्यायाधीशाने त्या जागी बसावे, हा केवळ संकेत होता. तो घटनेत लिहिलेला नव्हता.

या संकेताची कसोटी पाहण्याची वेळ पहिली वीस वर्षे आली नाही. वाद होते, आणि तेही मोठे. जमीनसुधारणा, मालमत्तेचा हक्क, नुकसानभरपाई यांवरून संसद आणि न्यायालय यांचे सतत खटके उडत होते. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी, चौथ्या सार्वत्रिक निवडणुकीचे मतदान संपून आठवडा उलटतो न उलटतो तोच, गोलकनाथ खटल्याचा निकाल लागला. मूलभूत हक्क आकुंचित करणारी घटनादुरुस्ती संसदेला करता येणार नाही, असे अकरा न्यायाधीशांच्या पीठाने सहा विरुद्ध पाच मतांनी ठरवले. निकाल देणारे सरन्यायाधीश सुब्बा राव यांनी थोड्याच दिवसांत राजीनामा दिला आणि विरोधी पक्षांचे उमेदवार म्हणून राष्ट्रपतिपदाची निवडणूक लढवून ते झाकिर हुसेन यांच्याकडून पराभूत झाले. न्यायासन आणि राजकारण यांच्यामधला पडदा वाटतो तेवढा जाड नाही, हे त्या वर्षी लोकांनी पाहिले.

पुढे १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, आणि १० फेब्रुवारी १९७० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा रद्द ठरवला. दहा न्यायाधीश एका बाजूस होते आणि अजितनाथ राय हे एकटे दुसऱ्या बाजूस. त्याच वर्षीच्या डिसेंबरात संस्थानिकांची मान्यता काढून घेणारा राष्ट्रपतींचा आदेशही न्यायालयाने अवैध ठरवला. तेथेही राय अल्पमतात, म्हणजे सरकारच्या बाजूने होते. हा निकाल लागून दोन आठवडे होण्याच्या आत लोकसभा विसर्जित झाली. मार्च १९७१ ची निवडणूक ‘गरिबी हटाव’ या घोषणेने लोकांच्या स्मरणात आहे. पण त्या घोषणेच्या मागे न्यायालयाशी चाललेला हा तंटा उभा होता आणि घटनादुरुस्तीसाठी बहुमत हवे आहे, हे इंदिरा गांधींच्या पक्षाने लपवले नव्हते. मतदारांनी ५१८ पैकी ३५२ जागा त्यांच्या पदरात टाकल्या.

या कौलाचा अर्थ काय लावायचा? कोट्यवधी गरीब माणसांनी बँकांचे राष्ट्रीयीकरण आणि तनख्यांचे उच्चाटन यांना पाठिंबा दिला होता, हे नाकारणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. मालमत्तेच्या हक्काचे रक्षण करताना न्यायालयाने भूमिहीनांच्या गरजेपेक्षा धनवंतांच्या भरपाईला अधिक महत्त्व दिले, ही तक्रारही निराधार नव्हती. निवडून आलेल्या सरकारने २४ वी, २५ वी आणि २६ वी घटनादुरुस्ती करून गोलकनाथ निकालाची कोंडी फोडली, हेही लोकशाहीच्या चाकोरीतच होते. परंतु त्याच बहुमताने सरकारला आणखी एक गोष्ट मिळाली, जी कोणी मागितली नव्हती आणि मतदाराने जाणूनबुजून दिलीही नव्हती. नेमणुकीच्या बाबतीत त्याला अडवणारे आता संसदेत कोणी उरले नव्हते.

न्यायालय किती झपाट्याने बदलते, याचे एक उदाहरण पुरेसे आहे. गोलकनाथ खटल्यातील अकरा न्यायाधीशांपैकी सहा वर्षांनंतर केशवानंद भारती खटल्याच्या तेरा जणांच्या पीठावर केवळ दोघे उरले होते, सिक्री आणि शेलाट. बाकीचे सारे न्यायासन मधल्या काळात नव्याने घडले होते. निवृत्तीचे वय पासष्ट असल्यामुळे आपल्याकडे एका लोकसभेच्या कारकिर्दीत न्यायालयाचा चेहरामोहरा पालटू शकतो. अमेरिकेत जे घडायला एक पिढी लागते ते येथे पाच-सहा वर्षांत घडते.

केशवानंद भारती खटल्याची सुनावणी अडुसष्ट दिवस चालली. अर्जदाराच्या बाजूने नानी पालखीवाला आणि केरळ सरकारच्या बाजूने एच. एम. सिरवाई हे मुंबईचे दोन मातब्बर कायदेपंडित समोरासमोर उभे होते. २४ एप्रिल १९७३ रोजी सात विरुद्ध सहा मतांनी निकाल लागला. संसद घटनेचे कोणतेही कलम दुरुस्त करू शकते, पण घटनेची मूलभूत चौकट तिला मोडता येणार नाही. एका मताचा फरक होता. सरन्यायाधीश सिक्री दुसऱ्याच दिवशी निवृत्त होत होते, आणि त्याच दिवशी आकाशवाणीवरून बातमी आली की नवे सरन्यायाधीश अजितनाथ राय असतील. त्यांच्याहून ज्येष्ठ असलेले शेलाट, हेगडे आणि ग्रोव्हर हे तिघेही डावलले गेले. तिघेही सरकारच्या विरुद्ध निकाल देणाऱ्या सातांत होते आणि राय सहांत. तिघांनीही राजीनामे दिले.

लोकसभेत या निवडीचे समर्थन करायला पोलाद आणि खाण खात्याचे मंत्री मोहन कुमारमंगलम उभे राहिले. त्यांचे भाषण आजही वाचण्याजोगे आहे, कारण त्यात आडपडदा नाही. न्यायाधीशाला स्वतःचे सामाजिक तत्त्वज्ञान असतेच, ते त्याच्या निकालात उतरतेच, आणि म्हणून काळाची दिशा ओळखणारा सरन्यायाधीश निवडण्याचा अधिकार लोकांनी निवडलेल्या सरकारला आहे, असा त्यांचा एकूण रोख होता. या युक्तिवादाचा पूर्वार्ध खरा आहे. न्यायाधीश हा तराजू धरलेला दगडी पुतळा नसतो. आंबेडकरांनी १९४९ मध्ये तेच सांगितले होते. पण आंबेडकरांनी त्यावरून सत्ता वाटून ठेवावी असा निष्कर्ष काढला होता आणि कुमारमंगलम यांनी ती एकवटावी असा. सरकारला अनुकूल तत्त्वज्ञान म्हणजेच लोकांना अनुकूल तत्त्वज्ञान, हे त्यांनी गृहीत धरले होते. सरकार आणि लोक यांची वाट जेव्हा वेगळी होते, तेव्हा असे न्यायालय कोणाचे ऐकेल, याचे उत्तर त्या भाषणात नव्हते. ते दोन वर्षांत मिळाले.

१२ जून १९७५ रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने इंदिरा गांधींची निवडणूक रद्द ठरवली आणि २५ जूनच्या रात्री आणीबाणी पुकारली गेली. मराठी वाचकाला आणीबाणी म्हटले की कऱ्हाडचे साहित्य संमेलन आणि दुर्गाबाई भागवत आठवतात; तुरुंगात गेलेले समाजवादी व संघाचे कार्यकर्ते आठवतात. हजारो माणसे ‘मिसा’खाली स्थानबद्ध होती, आणि त्यांच्यापैकी अनेकांनी ठिकठिकाणच्या उच्च न्यायालयांत हेबियस कॉर्पसचे अर्ज केले होते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठासह नऊ उच्च न्यायालयांनी, आणीबाणी असली तरी बेकायदा स्थानबद्धतेविरुद्ध दाद मागता येते, असे म्हटले. सरकार अपिलात सर्वोच्च न्यायालयात गेले.

येथे दोन तारखा शेजारी ठेवून पाहाव्यात. मार्च १९७१ मध्ये निवडलेल्या लोकसभेची मुदत मार्च १९७६ मध्ये संपत होती. निवडणूक घेण्याऐवजी कायदा करून ती मुदत एक वर्षाने वाढवली गेली. मतदाराला त्याचा ठरलेला दिवस नाकारला गेला. त्यानंतर महिना-दीड महिन्यात, २८ एप्रिल १९७६ रोजी, जबलपूर खटल्याचा निकाल आला. राय, बेग, चंद्रचूड आणि भगवती या चौघांनी, आणीबाणी असेपर्यंत स्थानबद्धाला न्यायालयाचे दार ठोठावता येणार नाही, असे ठरवले. सुनावणीत महान्यायवादींना न्या. हंसराज खन्ना यांनी विचारले होते की पोलिसाने वैयक्तिक वैरातून एखाद्याचा जीव घेतला तरी दाद मागता येणार नाही काय. आणि आणीबाणी असेपर्यंत नाही, असे उत्तर आले होते. खन्ना यांनी एकट्याने विरुद्ध निकाल दिला.

१९७३ साली ज्येष्ठतेचा क्रम पाळला गेला असता तर शेलाट आणि हेगडे यांच्या अल्प कारकिर्दींनंतर, आणीबाणीच्या जवळजवळ संपूर्ण काळात, ग्रोव्हर सरन्यायाधीश राहिले असते. पीठावर कोणी बसायचे हे सरन्यायाधीश ठरवतो. निकाल वेगळा लागलाच असता, असे म्हणणे धाडसाचे होईल. परंतु ज्या न्यायालयात तीन वर्षांपूर्वी सरकारविरोधी मताची किंमत काय मोजावी लागते याचे प्रात्यक्षिक झाले होते, तेथे बाकीच्यांच्या मनात ते आलेच नसेल, असे मानणे भाबडेपणाचे आहे. ‘गरिबी हटाव’ला मत देणाऱ्या शेतकऱ्याने आपण जबलपूर निकालाचीही पायाभरणी करीत आहोत, असे स्वप्नातही पाहिले नसेल. मताचे परिणाम हे असे आडवळणाने, उशिरा आणि अनोळखी चेहऱ्याने येतात.

१८ जानेवारी १९७७ रोजी निवडणुका जाहीर झाल्या. दहा दिवसांनी राय निवृत्त झाले. ज्येष्ठतेने खन्ना यांचा क्रम होता. सरकारने त्यांच्यावर बेग यांना आणले आणि खन्ना यांनी राजीनामा दिला. निवडणूक तोंडावर असतानाही सरकारला हे करावेसे वाटले, यावरून मतदार न्यायालयाकडे पाहत नाही यावर त्याचा केवढा भरवसा होता ते कळते. तो भरवसा चुकीचा होता असेही म्हणता येत नाही. पु. ल. देशपांडे यांच्यासारखे लेखक प्रचारसभांत उतरले ते स्वातंत्र्यासाठी, आणि उत्तरेतील खेडुतांनी राग काढला तो सक्तीच्या नसबंदीचा. खन्ना यांचे नाव फार थोड्यांना ठाऊक होते. तरीही त्या मार्चमध्ये पडलेल्या प्रत्येक मताने न्यायालयाचे भवितव्य बदलले. काँग्रेस १५४ जागांवर आली आणि केंद्रात प्रथमच सत्तांतर झाले.

न्यायालयाने स्वतःचे जे दार स्वतःच लावून घेतले होते, ते उघडण्याचे साधन न्यायालयात कोठेही नव्हते. अपील करायला वरचे न्यायालय नव्हते. उरला होता तो फक्त मतदार. त्याने निवडलेल्या संसदेने ४४ वी घटनादुरुस्ती करून, जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असे घटनेतच लिहून ठेवले आणि ‘अंतर्गत अशांतता’ हे आणीबाणीचे सैल कारण काढून तेथे ‘सशस्त्र बंड’ हे शब्द घातले. डावलल्या गेलेल्या तिघांपैकी के. एस. हेगडे त्याच निवडणुकीत लोकसभेवर निवडून आले आणि पुढे तिचे अध्यक्ष झाले. ज्याचे न्यायासन एका बहुमताने हिरावले होते, त्याला दुसऱ्या बहुमताने संसदेचे आसन दिले.

या कथेतील सर्वांत अवघड वळण मात्र १९७८ च्या फेब्रुवारीत आले. बेग निवृत्त होत होते आणि ज्येष्ठतेने क्रम होता यशवंत विष्णू चंद्रचूड यांचा. पुण्यात जन्मलेल्या, मुंबईच्या न्यायालयात नावारूपाला आलेल्या या न्यायाधीशाचे नाव जबलपूर निकालातल्या चौघांत होते. ज्यांनी स्वातंत्र्याकडे पाठ फिरवली त्यांना सरन्यायाधीश करू नये, अशी मागणी मुंबईतील काही नामवंत वकिलांनीच केली. नव्या सरकारातील अनेक मंत्री त्याच स्थानबद्धतेतून बाहेर आले होते; कायदामंत्री शांतिभूषण हे अलाहाबादला इंदिरा गांधींविरुद्ध खटला लढलेले वकील होते. सूड घेण्याचे कारण होते आणि घटनेचा मज्जावही नव्हता. मोरारजी देसाईंच्या सरकारने न्यायाधीशांची मते घेतली आणि ज्येष्ठतेचा क्रम पाळला.

या निर्णयावर रागावणे सोपे आहे. पण सरकारने चंद्रचूड यांना डावलले असते तर कुमारमंगलम यांचाच सिद्धांत दुसऱ्या पक्षाच्या हातून कायम झाला असता, आणि त्यापुढे प्रत्येक निवडणुकीनंतर नवा सरन्यायाधीश हा रिवाजच पडला असता. मोडलेला संकेत पुन्हा जोडायचा तर तो नावडत्या माणसाच्या बाबतीत पाळावा लागतो. त्याचे फळ दोन वर्षांत दिसले. जानेवारी १९८० मध्ये त्याच मतदारांनी इंदिरा गांधींना ३५३ जागा देऊन परत आणले. आणीबाणीतील ४२ व्या घटनादुरुस्तीने संसदेला दिलेला घटनादुरुस्तीचा अमर्याद अधिकार अजून घटनेत शाबूत होता. त्याच वर्षी मिनर्व्हा मिल्स खटल्यात चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालील पीठाने तो रद्द केला. केशवानंद खटल्यात मूलभूत चौकटीच्या विरुद्ध मत दिलेल्या न्यायाधीशानेच प्रचंड बहुमताच्या सरकारसमोर ती चौकट पक्की केली. १९७७ च्या मतदाराने न्यायालयाला शूर माणूस दिला नव्हता, निर्धास्तपणे निकाल देता येईल असा अवकाश दिला होता; आणि तो अवकाश त्याच मतदाराचे मन बदलल्यावरही टिकला. चंद्रचूड सात वर्षांहून अधिक काळ, म्हणजे आजवर सर्वांत दीर्घ काळ, सरन्यायाधीश राहिले. तेव्हापासून सरन्यायाधीश नेमताना ज्येष्ठतेचा क्रम मोडला गेलेला नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगता येईल. १९८९ नंतर पंचवीस वर्षे कोणत्याही एका पक्षाला लोकसभेत स्वबळावर बहुमत मिळाले नाही, आणि याच काळात, १९९३ व १९९८ च्या निर्णयांनी, न्यायालयाने नेमणुकीचे सुकाणू आपल्या हाती घेतले. न्यायवृंदाची पद्धत आली. १९९३ चा बहुमताचा निकाल लिहिणारे जगदीश शरण वर्मा यांनी आणीबाणीत मध्य प्रदेश उच्च न्यायालयात स्थानबद्धांच्या बाजूने कौल दिला होता. २०१४ मध्ये एका पक्षाला पुन्हा बहुमत मिळाले, आणि त्याच ऑगस्टमध्ये न्यायिक नियुक्ती आयोगाची घटनादुरुस्ती संसदेत जवळजवळ एकमताने संमत झाली. न्यायालयाने ती १६ ऑक्टोबर २०१५ रोजी चार विरुद्ध एक मतांनी रद्द केली. न्यायाधीशांनी न्यायाधीश निवडायचे ही पद्धत आंबेडकरांनी वर्तवलेल्या धोक्याच्या अगदी जवळ जाते, हा आक्षेप गंभीर आहे. पण त्या पद्धतीतही सरकार बाहेर राहिलेले नाही. न्या. के. एम. जोसेफ यांच्या नावाची शिफारस जानेवारी २०१८ मध्ये झाली, ती एप्रिलमध्ये परत पाठवली गेली आणि नेमणूक ऑगस्टमध्ये झाली. फाईल हलवणे वा न हलवणे हेही सत्तेचे काम आहे, आणि ती सत्ता मतपेटीतूनच येते.

जबलपूर निकाल २४ ऑगस्ट २०१७ रोजी, खाजगीपणाच्या हक्काच्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट शब्दांत मोडीत काढला. तो मोडीत काढणारे निकालपत्र लिहिले होते यशवंत चंद्रचूड यांचे पुत्र धनंजय चंद्रचूड यांनी. न्यायालयाला आपली चूक दुरुस्त करायला एकेचाळीस वर्षे लागली. मतदारांनी ती अकरा महिन्यांत दुरुस्त केली होती, आणि तीही मतदान एक वर्ष उशिरा झाले असताना.

म्हणून मत देताना न्यायालयाचा विचार करायचा, याचा अर्थ आपल्या विचारांचे न्यायाधीश कोण आणील एवढेच पाहायचे असा नाही. तसे पाहणे म्हणजे कुमारमंगलम यांच्या रांगेत उभे राहणे होय. उमेदवाराला आणि पक्षाला विचारण्याजोगा प्रश्न वेगळा आहे. आपल्याला न आवडणारा निकाल देणाऱ्या न्यायाधीशाशी तुम्ही कसे वागाल? १९७१ मध्ये हा प्रश्न कोणी विचारला नाही, आणि १९७७ मध्ये तो विचारण्याची वेळ येईपर्यंत हजारो माणसे तुरुंगात दीड वर्ष काढून बसली होती.